ठोक्यांतून आलेलं देखणेपण
पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले जुने अडकित्ते पाहताना नजर आधी त्यांच्यावरच्या पक्ष्या-प्राण्यांवर जाते. माझ्या मते त्यांचं खरं देखणेपण मुठींच्या लांबीत आहे. सुपारी बिजागरीजवळ धरली जाते, जोर मात्र दूर टोकाशी लागतो. म्हणून बोटांच्या थोड्या दाबाने टणक सुपारी कातरता येते. नक्षी या कामाच्या आड येत नाही. कसब्यातल्या तांबट आळीचं मठारकाम तर याहून बोलकं. हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी उमटलेले ते चमकते ठिपके डोळ्यांना सुखावतात खरे, पण ठोकल्यानेच मऊ तांबं कडक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडंही सहज चेपत नाही. सौंदर्य इथे वरून चढवलेलं नाही, ते कामातूनच आलं आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की चांगलं तेवढंच जपलं गेलं, बेढब ते मोडीत निघालं. यात तथ्य आहे. पण धातूला किंमत असल्याने मोडीत उत्तम भांडीही गेली, कितीतरी! केळकरांनी १९७५ साली राज्य शासनाला सोपवलेल्या संग्रहात दिवे आहेत, कुलपं आहेत, पाय घासायच्या वज्र्यासुद्धा आहेत. टाचेखाली जाणाऱ्या वस्तूवरही कुणीतरी मन लावून मोर घडवावा, हे निव्वळ अशा निवडीने किंवा श्रीमंतीने समजावता येत नाही.