लालबागहून मुंबईच्या विमानतळांपर्यंतचा प्रवास

लालबाग हा मध्य मुंबईतील जुना गिरणगाव परिसर असून येथून दोन आंतरराष्ट्रीय विमानतळांकडे जाता येते. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ उत्तरेस उपनगरात सुमारे १५ किलोमीटरवर आहे, तर नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ खाडीपलीकडे पूर्वेस आहे. नवी मुंबईहून प्रवासी विमाने डिसेंबर २०२५ पासून उडू लागली. दोन्हींचे रस्ते वेगवेगळ्या दिशांना जात असल्याने, घर सोडण्यापूर्वी तिकिटावरील विमानतळ व टर्मिनल वाचणे अत्यावश्यक ठरते. तिकिटावर मुंबईसाठी ‘बीओएम’, तर नवी मुंबईसाठी ‘एनएमआय’ हे संकेत असतात.

टर्मिनले

मुंबई विमानतळाची दोन प्रवासी टर्मिनले आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझ बाजूस असून तेथून केवळ देशांतर्गत विमाने सुटतात. सहार येथील टर्मिनल २ हे २०१४ मध्ये सुरू झाले. तेथून आंतरराष्ट्रीय आणि बरीचशी देशांतर्गत विमाने सुटतात. दोन्हींच्या मध्ये धावपट्ट्यांचा परिसर असल्यामुळे एकातून दुसऱ्यात पायी जाता येत नाही. चुकीच्या टर्मिनलला पोहोचलेल्या प्रवाशाला पुन्हा वाहन करावे लागते आणि त्यात विमान चुकण्याचा संभव असतो.

रस्ता

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाने दादर टी.टी., तेथून टिळक पूल, माहीम व कलानगर मार्गे पश्चिम द्रुतगती महामार्ग गाठता येतो. महामार्गावरून टर्मिनल २ कडे सहार उन्नत मार्ग जातो. प्रभादेवी स्थानकाजवळील शतकाहून जुना पूल शिवडी–वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाल्याने परळ परिसरातील पूर्व-पश्चिम वाहतुकीचा भार इतर पुलांवर पडला. शहर भागात रिक्षांना परवानगी नसल्याने लालबागहून टॅक्सी किंवा खासगी मोटार हेच पर्याय उरतात.

नवी मुंबईसाठी शिवडीहून सुरू होणारा अटल सेतू सोयीचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला हा सेतू सुमारे २१.८ किलोमीटर लांब आहे. मोटारींना तेथे पथकर द्यावा लागतो. दुचाकी व रिक्षांना प्रवेश नाही.

रेल्वे व मेट्रो

करी रोड व चिंचपोकळी ही मध्य रेल्वेची, तर कॉटन ग्रीन हे हार्बर मार्गाचे जवळचे स्थानक होय. कॉटन ग्रीनहून गोरेगावकडे जाणारी लोकल पकडल्यास गाडी न बदलता विलेपार्ले वा अंधेरी गाठता येते. पुढे रिक्षा किंवा टॅक्सी मिळते.

कफ परेड ते आरे ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली. तिच्या २७ स्थानकांत दोन्ही टर्मिनलांसाठी स्वतंत्र स्थानके आहेत. लालबागकरांना करी रोडहून लोकलने दादरला उतरून पश्चिमेकडील दादर मेट्रो स्थानक गाठता येते. मेट्रो मध्यरात्री बंद असते. म्हणून अपरात्रीच्या आंतरराष्ट्रीय विमानांसाठी टॅक्सीच धरावी लागते.

वाहनतळ

टर्मिनल २ ला जोडून बहुमजली वाहनतळ आहे आणि शुल्क वेळेनुसार वाढते. केवळ सोडायला आलेल्यांनी मोटार प्रस्थान मजल्यावर क्षणभर थांबवून सामान उतरवावे व लगेच निघावे. दाराशी मोटार उभी करून निरोप घेत राहता येत नाही. घ्यायला येणाऱ्याने वाहनतळातच थांबणे इष्ट. अनेक दिवसांच्या प्रवासासाठी मोटार तेथे ठेवण्यापेक्षा टॅक्सीचे जाण्यायेण्याचे भाडे बहुधा कमी पडते. दोन्हींची तुलना आधी करावी.

गणेशोत्सवातील प्रवास

मुंबईचा राजा (१९२८) व लालबागचा राजा (१९३४) यांच्या दर्शनासाठी लोटणाऱ्या गर्दीमुळे या दिवसांत लालबागचे रस्ते वळवले अथवा बंद केले जातात. अनंत चतुर्दशीला निघणारी लालबागच्या राजाची मिरवणूक गिरगाव चौपाटीस पोहोचायला वीस तासांच्या आसपास लागतात. अशा वेळी टॅक्सी चाळीच्या दाराशी येईल असे गृहीत धरू नये. ती गर्दीच्या पट्ट्याबाहेर, उदाहरणार्थ कॉटन ग्रीनच्या बाजूस, बोलवावी आणि सामान घेऊन तेथवर चालत जावे. देशांतर्गत विमानासाठी दोन व आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचण्याचा सर्वसाधारण संकेत आहे. या दिवसांत रस्त्यातील विलंबाचा वेळ त्यापूर्वी वेगळा धरावा लागतो.