नव्या लॅपटॉपचा आवाज गेला कुठे?

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात नवा लॅपटॉप घरी आला आणि आवाजच येईना, तर लगेच दुकान गाठू नका. इथे यंत्रमागांची खडखड कानावर असतेच, म्हणून आधी इअरफोन लावून ऐका. त्यात आवाज स्वच्छ आणि स्पीकर मात्र गप्प, ही खूण फार मोलाची. हल्ली बऱ्याच लॅपटॉपांत स्पीकरसाठी वेगळी अँप्लिफायर चिप असते; सिरस लॉजिकची सीएस३५एल४१ त्यातलीच. तिचा ड्रायव्हर नसला की स्पीकर मुके राहतात किंवा पिचके वाजतात.

लिनक्सच्या सेटिंगमध्ये नुसतं ‘डमी आउटपुट’ दिसलं, तर साउंड कार्ड सापडलेलंच नाही. इंटेलच्या अनेक नव्या मशीनना २०१८मध्ये जाहीर झालेलं साउंड ओपन फर्मवेअर लागतं. डेबियन लिनक्समध्ये त्याचं पॅकेज वेगळं आहे. मशीन नवं आणि कर्नल जुनं, ही जोडी तर हमखास अडवते.

विंडोजवर एचडीएमआयने टीव्ही जोडला असेल तर आवाज तिकडे गेलाय का ते पाहा. मग कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घाला.

तरीही शंका उरली, तर ताजं लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवा. तिथे स्पीकर वाजले तर ते शाबूत आहेत, दोष सॉफ्टवेअरचा.