पंपाच्या पेटीतील आकडे

विहिरीवर पंप असला की शेजारच्या भिंतीवर लोखंडी पेटी असतेच. हिरवी कळ दाबली की पंप सुरू होतो, तांबडी दाबली की थांबतो, एवढे सर्वांसच ठाऊक असते. परंतु त्या पेटीत काही आकडेही लावून ठेवलेले असतात. ते कशासाठी, आणि बदलावयाचे झाल्यास कोणता विचार करावा, हे आपण पाहू.

पाच अश्वशक्तीची, तीन फेजवर चालणारी मोटार घ्या. ४१५ व्होल्टवर पूर्ण भार असता ती सुमारे ७.५ अँपिअर प्रवाह घेते. नेमका आकडा तिच्या अंगावरील पट्टीवर कोरलेला असतो. साध्या स्टार्टरमधील 'ओव्हरलोड रिले'ची चकती त्याच आकड्यावर लावावयाची. रिलेच्या पोटात दोन भिन्न धातू जोडून केलेल्या पट्ट्या असतात. प्रवाहामुळे त्या तापतात. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्ट्या वाकतात. जादा प्रवाह टिकून राहिला, तर त्या मोटार बंद पाडतात. सुरू होताना मोटार कित्येक पट प्रवाह घेते खरी, पण तेवढ्या क्षणांत पट्ट्या पुरेशा तापत नाहीत.

पंप वारंवार बंद पडू लागला की पुष्कळजण चकती पुढे सरकवून मोकळे होतात. चोर आला असता भुंकणाऱ्या कुत्र्यासच बांधून ठेवण्यासारखे हे आहे! उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ७.५ ऐवजी ९ अँपिअर, म्हणजे प्रवाह १.२ पट झाला, तर उष्णता १.४४ पट होते. तारांवरील वार्निश करपते आणि ऐन उन्हाळ्यात मोटार जळते. दोष बहुधा अन्यत्र असतो: व्होल्टेज उतरलेले असते, एखादी फेज गेलेली असते, किंवा पंप कचऱ्याने अडकलेला असतो.

अलीकडील पेट्यांत चकतीऐवजी आकडे दाखविणारी काच व बाणांच्या कळा असतात. त्यांत प्रवाहाची खालची मर्यादाही लावता येते. आमच्या गोमंतकात कुळागरे शिंपण्याच्या दिवसांतच विहिरी तळ गाठतात. पाणी संपले की पंपावरील भार उतरतो आणि प्रवाह कमी होतो. ही खूण ओळखून पेटी पंप थांबविते व कोरडा फिरण्यापासून त्यास वाचविते. ही मर्यादा फारच खाली लावली, तर ते रक्षण नाहीसे होते.

म्हणून आकडा बदलण्यापूर्वी मोटारीवरील पट्टी वाचावी, जाणत्या वायरमनकडून चालू प्रवाह मोजून घ्यावा आणि जुना आकडा वहीत टिपून ठेवावा. एका वेळी एकच आकडा बदलावा व परिणाम पाहावा. पेटी उघडण्याचे काम मात्र वायरमननेच, मुख्य स्विच बंद करून करावे. विद्यार्थ्यांनी पेटीस हात लावू नये. पण घरच्या मोटारीवरील पट्टी वाचून तो आकडा वहीत उतरवून ठेवणे त्यांस सहज जमेल. पंप अडला की वायरमन प्रथम तोच आकडा विचारील.