फुग्यातली नांगी

आपल्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे. निळा कोट, हातात संविधान, वर केलेले बोट. आणि बाबासाहेबांचे शब्द? ते १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने काढलेल्या 'लेखन आणि भाषणे'च्या जाडजूड खंडांत, तेही बहुतांश इंग्रजीत. चित्र भिंतीवर, शब्द कपाटात. आपल्या पोरांनी या दोघांची गाठ घालायची तरी कुठे?

म्हणून 'भीमायन' या चित्रकथेकडे समाजाने गंभीरपणे पाहावे असे मला वाटते. 'नवयान' प्रकाशनाने ती २०११ साली इंग्रजीत काढली. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. नावाला रामायणाचा वास येतो, ते मला मुळीच पटलेले नाही. रामाचे कोडे मांडणाऱ्या महामानवाच्या चरित्राला दुसरे नाव मिळाले नसते काय? असो. आतले काम मात्र अस्सल आहे.

कथेचा मोठा आधार बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आत्मकथन. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली ती पोरे. मसूर स्टेशनावर मास्तर आधी मायेने चौकशी करतो. 'महार' हा शब्द कानी पडताच त्याचा चेहरा बदलतो. पुढे रात्रभराचा बैलगाडीचा प्रवास. डब्यात जेवण आहे, पण प्यायला पाणी नाही, म्हणून उपाशी झोपायचे. हे आपण भाषणांत शंभरदा ऐकले आहे. ऐकून ऐकून ते गुळगुळीत झाले आहे.

व्याम दांपत्याने काय केले? संवादाच्या फुग्यांचे आकारच बदलले. सोसणाऱ्यांचे बोलणे पक्ष्याच्या आकारात. जातीचा माज ज्याच्या जिभेवर, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. वाक्य साधे असेल, सभ्यही असेल. नांगी दिसली की विष कळते.

याचे मोल कोर्टात उभे राहणाऱ्याला विचारा. अ‍ॅट्रॉसिटीच्या फिर्यादीत पहिला प्रश्न येतो, "नेमके शब्द काय वापरले?" शब्द कागदावर उतरतात. सूर, नजर, लोकांसमोर केलेला हातवारा उतरत नाही. मग आरोपीचा वकील म्हणतो, यात अपमान कुठे आहे? १९८९ च्या कायद्याखालील खटल्यांत आपली माणसे इथेच अडतात. शब्दाला नांगी असते, हे सिद्ध करण्यात आमची उमर जाते. गोंड चित्रकारांनी ते एका रेघेत दाखवले.

नेहमीच्या कॉमिकसारख्या चौकटीही इथे नाहीत. माणसांना खोक्यांत कोंबायला या चित्रकारांनी नकार दिला. पाने दिग्ना या गोंडी नक्षीने सैलसर विभागली. आगगाडी सापासारखी वळत जाते. आधी कुठले वाचायचे, याचा कधी कधी घोळ होतो, हे खरे. मोठ्यांचाच जास्त होतो.

आणि जुन्या हकिकतींच्या मध्येच आजच्या अत्याचारांच्या बातम्या येतात. २००६ चे खैरलांजी त्यात आहे. तिथे चित्र १९०१ चे आणि शब्द वर्तमानपत्राचे, असे दोन साक्षीदार एकाच प्रकरणात उभे राहतात.

विहारातल्या रविवारच्या वर्गात हे पुस्तक मधोमध ठेवा. मजकूर मोठ्यांनी मराठीत सांगावा. त्याआधी पोरांना एवढेच विचारा, कुठल्या फुग्याला नांगी आहे?