तापस्थापी, डीझेल मोटारगाडीतील
एंजिन व रेडिएटर यांमधील पाण्याचा प्रवाह तापमानानुसार नियंत्रित करणारी स्वयंचलित झडप. तिच्यातील मेणाची गोळी तापली की प्रसरण पावून झडप उघडते. निवल्यावर स्प्रिंग ती मिटवते. मर्सिडीझ-बेंझच्या १२३ श्रेणीतील २४० डी गाडीत (१९७६–८५) झडप सु. ८०° से.ला उघडू लागते. ती मिटलेली अडकल्यास पाणी उकळते. उघडी अडकल्यास एंजिन थंड राहते, इंधन जास्त लागते व सिलिंडर लवकर झिजतात. हा दोष बहुधा उशिराच ध्यानात येतो. उष्ण प्रदेशांत झडप काढूनच टाकण्याची रीत दिसते. ती या एंजिनास घातक होय, कारण तापल्यावर झडपेची खालची चकती उपमार्ग बंद करते. ती नसल्यास बरेचसे पाणी रेडिएटर टाळून फिरते व एंजिन उलट तापते.

झडप बदलण्यापूर्वी एंजिन पूर्ण निवू द्यावे; तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडल्यास पाणी उसळून भाजते. काही पाणी काढून आवरण उघडतात, जुने गॅस्केट खरवडून नवे घालतात व झडपेवरील हवेचे छिद्र वरच्या बाजूस ठेवतात. नवी झडपही आधी तापमापक ठेवलेल्या पाण्यात तापवून पाहणे इष्ट असते.