चुना, नीळ आणि दिवाडीची फेरीबोट

थोरल्याने एका रात्री जेवणाच्या दस्तरखानावरच मोबाईल पुढे केला. डोंगराच्या उतारावर एकाला एक चिकटलेली पांढरीशुभ्र घरं, निळे दरवाजे, खाली निळा समुद्र. "मिकोनोस," तो म्हणाला, "ग्रीसचं बेट. माझे मित्र म्हणतात, आयुष्यात एकदा तरी जायचं." पुढच्या व्हिडिओत रात्र झाली होती आणि त्याच गल्ल्यांत दिव्यांचा, गाण्यांचा आणि ग्लासांचा धिंगाणा चालला होता. त्याने तो पटकन वर सरकवला. आम्ही पाहायचं ते पाहिलं होतं.

अब्बांनी चष्मा लावून पहिला व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. बराच वेळ बघून म्हणाले, "हा तर चुना आहे. आणि दरवाज्याला नीळ."

अब्बांची हयात धुळ्यात पॉवरलूमवर गेली. रमजानच्या आधी त्यांच्या गल्लीत घरोघरी चुना भिजत पडायचा. त्यात चिमूटभर नीळ टाकली की पांढरा रंग उजळतो, हे त्यांनी आम्हाला लहानपणी शिकवलेलं. ग्रीसच्या त्या बेटांवरही गोष्ट फार वेगळी नाही. सायक्लेड्स नावाच्या त्या बेटांवर झाडं कमी, ऊन कडक. चुना स्वस्त मिळायचा, ऊन परतवायचा आणि जंतूही मारायचा, म्हणून भिंती पांढऱ्या झाल्या. पर्यटक आले ते फार नंतर. जळगावला मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा गच्चीवर चुना मारणारी घरं आपल्याकडेही आहेत. त्यांचे व्हिडिओ कोणी काढत नाही, एवढाच फरक.

खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा विषय आपोआप मिटला. युरोपचा शेंगेन व्हिसा, पाच माणसांची विमानाची तिकिटं, वर हॉटेल. लेकीचं लग्न पुढच्या वर्षावर आलेलं. एक माहिती मात्र शोधताना हाती लागली आणि आम्हाला नवल वाटलं: अथेन्ससारख्या राजधानीत सरकारी परवानगीची मशीद उघडली ती थेट 2020 च्या नोव्हेंबरमध्ये. तोपर्यंत लोक तळघरांत आणि भाड्याच्या खोल्यांत नमाज पढत होते.

"मग गोवा," लेक म्हणाली. सासरी जाण्याआधी तिला एकदा सगळ्यांबरोबर समुद्र पाहायचा होता. अम्मीने तर वयाच्या साठीपर्यंत समुद्र पाहिलेलाच नव्हता. अब्बा मात्र ताडकन म्हणाले, "गोव्याला काय शरीफ घरचे लोक जातात?" पंधरा दिवस घरात हाच वाद चालला. शेवटी अम्मीनेच तोडगा काढला. "समुद्र अल्लाहने बनवला आहे," ती म्हणाली, "त्याच्या काठाला दुकानं कोणी लावली ते आपण कशाला बघायचं?"

दिवाळीच्या सुट्टीत भुसावळहून गोवा एक्स्प्रेस पकडली. खानदेशातल्या लोकांना ही गाडी सोयीची. मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव करत एका दमात थेट वास्कोपर्यंत नेते. बरोबर कळण्याच्या भाकरी, ठेचा, तळलेलं सुकं मटण आणि अर्थातच केळी. दूधसागरचा धबधबा जाताना अंधारात निघून गेला. तो परतीच्या प्रवासात दिसतो, कारण गाडी वास्कोहून दुपारी सुटते. जाताना डोळे ताणून जागत बसू नका.

पहिले दोन दिवस कळंगुटला राहिलो, ही आमची चूक. मुलांचा हट्ट होता. दिवसा किनारा छान होता. अम्मी बुरख्यासकट घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि लाट आली की लहान मुलीसारखी ओरडली. कोणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पोहणाऱ्यांनी लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच राहावं आणि नुसता लाल झेंडा असेल तिथे पाण्यात उतरू नये, एवढं मात्र मुलांना बजावून ठेवा. आपल्याकडची मुलं तापी-गिरणेत पोहलेली असतात, आणि समुद्राची ओढ त्यांना नदीसारखीच वाटते. ती तशी नसते.

खाण्याचं विचाराल तर जिथे मशीद आहे तिथे आसपास हलाल खाणावळ सापडतेच. पणजीत जामा मशीद आहे. मासळीचं जेवण सगळीकडे मिळतं, तरी भांडी आणि तेल वेगळं आहे का हे विचारायला लाजू नये. लोक चिडत नाहीत, सरळ सांगतात. चोरीस आणि सोरपोतेल ही नावं लक्षात ठेवा, दोन्ही डुकराच्या मांसाची. आणि नमाजेचं म्हणाल तर प्रवासात चार रकातींच्या फर्जच्या दोन होतात, त्यामुळे फिरण्याचं निमित्त सांगून नमाज सोडायला जागा उरत नाही.

दुसऱ्या रात्री मात्र आमची झोप उडाली. दहा वाजता थोरला "जरा चक्कर मारून येतो" म्हणून गेला. अकरा झाले, बारा झाले. फोन बंद. बागाच्या बाजूने गाण्यांचा धमधम आवाज छातीत ऐकू येत होता. आमच्यात भांडण जुंपलं. एकाचं म्हणणं, शोधायला जाऊ. दुसऱ्याचं, एकोणीस वर्षांच्या मुलाला लोकांसमोर कानाला धरून आणणार का? आणि खरं सांगायचं तर दोघांच्याही मनात एकच भीती होती, जी दोघांनीही बोलून दाखवली नाही. अब्बा खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर तसबीह घेऊन बसले होते. एक शब्द बोलत नव्हते.

सव्वा वाजता तो आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, शर्टवर डाग, पायात एकच चप्पल. आम्ही तोंड उघडणार एवढ्यात अब्बांनी हात वर केला आणि फक्त विचारलं, "जेवलास का?" नाही म्हणाला. अब्बांनी स्वतः डब्यातली उरलेली भाकरी काढून दिली. त्याने मान खाली घालून खाल्ली. त्या रात्री आणखी काही बोलणं झालं नाही.

सकाळी सामान उचललं आणि पणजीला आलो. शहर लगेच आवडलं. मांडवीच्या काठावरचा जुना आदिलशाही राजवाडा पाहिला. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा आदिलशाहीकडून जिंकला. पुढे याच वाड्यात त्यांचे व्हाइसरॉय राहिले. फोंड्याला 1560 ची साफा मशीद आहे, तिच्या शेजारचा दगडी तलाव पाहण्यासारखा. चर्चच्या भिंती पांढऱ्या आणि घरं पिवळी, लाल, निळी का, असं आम्ही एका दुकानदाराला विचारलं. पोर्तुगीज काळात पांढरा रंग चर्चपुरताच राखलेला होता, असं तो म्हणाला. अब्बांना हे पटलं नाही. "चुन्यावर कोणाची मालकी?" म्हणाले.

दुपारी जुन्या गोव्याला जाऊन दिवाडीची फेरीबोट घेतली. आमच्या मते गोव्यात काही पाहायचं असेल तर हेच. मांडवीतलं हे बेट, पूल नाही, लोखंडी फेरीबोट माणसं, स्कूटर, गाड्या सगळं एकत्र घेऊन पाच-सात मिनिटांत पलीकडे सोडते. पलीकडे भातखाचरं, बगळे, टेकडीवर पिएदाद गावचं पांढरं चर्च, कौलारू घरांपुढे बसायला दगडी बाकं असलेले ओटे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं. पोर्तुगिजांनी ते पाडल्यावर मूर्ती पलीकडच्या नार्व्याला गेली आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये तिथलं देऊळ नव्याने बांधलं. एवढं सगळं सोसलेलं हे बेट दुपारी मात्र इतकं शांत होतं की सायकलची साखळी ऐकू येत होती.

फेरीबोटीच्या कठड्याला टेकून थोरल्याने आपणहून सांगितलं. तो क्लबच्या दारापर्यंत गेला होता. एकट्या मुलांना आत सोडत नाहीत म्हणून परत फिरला. वाटेत रस्त्याकडेला एक मुलगा ओकत पडलेला दिसला. लोक वळसा घालून जात होते. "मीही गेलो असतो," थोरला म्हणाला, "पण तो 'ओ माय' म्हणून अहिराणीत हाका मारत होता." चप्पल त्या मुलाला किनाऱ्याकडे तोंड धुवायला नेताना वाळूत गेली. फोनची बॅटरी त्याच्या मित्रांना शोधण्यात संपली. "आत सोडलं असतं तर गेलो असतो का, ते मला विचारू नका," हेही त्यानेच सांगितलं.

आम्ही विचारलं नाही. अब्बा पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी भिवंडीला लूमवर होतो तेव्हा आमच्या खोलीत एक जण होता. पगाराच्या रात्री त्याला गटाराकाठून उचलून आणायचं काम माझं." चाळीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात कधी काढली नव्हती. अम्मी त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग तुम्ही आत गेलात का कधी?" थोरल्याने विचारलं. फेरीबोट धक्क्याला लागली, साखळ्या वाजल्या, आणि अब्बा "उतरा, उतरा" म्हणत पुढे निघाले.

परतीच्या गाडीत दूधसागर दिसला. पाऊस सरून महिना झाला होता तरी पाणी भरपूर होतं. गाडीतले सगळे एका बाजूला धावले, आणि अम्मीला खिडकी मिळावी म्हणून लेकीने दोन परक्या पोरांना दटावून उठवलं.

रमजानच्या आधी अब्बांनी मेहरूणच्या आमच्या घराची गच्ची चुन्याने रंगवायला काढली. मजूर लावू दिला नाही. थोरला डबा धरून उभा होता. नीळ त्याने अंदाजाने टाकली ती जास्त पडली, आणि आता आमची गच्ची पांढरी नाही, फिकट आभाळी आहे. अब्बा म्हणतात, राहू दे तशीच.