न शिजणारे बटाटे

इ. स. १८३५ च्या मार्चमध्ये चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत ओलांडीत होता. एका उंच मुक्कामी बटाट्यांचे भांडे रात्रभर विस्तवावर राहिले, सकाळी पुन्हा उकळले. तरी बटाटे कच्चेच! हे नवे भांडेच अवलक्षणी, असा निवाडा त्याच्या दोघा सोबत्यांनी दिला. बिचारे भांडे!

पृथ्वीच्या आकर्षणामुळे हवा तिला बिलगून असते. त्या हवेच्या भाराचा दाब पाण्यावर पडतो. वाफेचा जोर त्या दाबाइतका झाला, की पाणी उकळते. समुद्रकाठी त्यासाठी १०० अंश सेल्सिअस उष्णतामान लागते. उंचावर माथ्यावरची हवा थोडी, म्हणून दाबही कमी. ३,००० मीटरांवर पाणी सुमारे ९० अंशांसच उकळते. मग कितीही जाळ घाला, उघड्या भांड्यातील पाणी त्याहून तापत नाही. त्याची वाफ मात्र भराभर होते. प्रेशर कुकरात हीच वाफ कोंडली जाऊन दाब वाढतो आणि बटाटे लवकर शिजतात.